पोटावर काढलेली मोटारसायकल

“…पण मग रंगवत का नाही ती, बाबा?”

दस्तगीरबाबा चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करत होते. चहाचं आधण ठेवलं होतं. त्यांनी वर बघितलं नाही.

“कोण रंगवत नाही?”

“आत्ता सांगितलं की! माझी पोरगी. तेजल.”

“परत सांग. आधण यायला वेळ आहे.”

घाटाच्या पायथ्याला मोठ्या चिंचेखाली आमच्याकडं हा तक्या आहे. तक्या म्हणजे फकिराची बसायची जागा. एक ओटा, एक पत्र्याची खोली, एक पाण्याचा रांजण. रांजण भरायचं काम माझं, म्हणून मी तिथं होतो. नाहीतर मला कोण विचारतंय.

आलेला माणूस मकरंद. बाजारपेठेत त्याचं दुकान. मोटारसायकलींच्या टाक्या रंगवायचा. गरुड, ज्वाळा, कवटी, काय म्हणाल ते. स्वतःच्या गाडीच्या टाकीवर तर पंख पसरलेला गरुड असा काढलेला की आत्ता झडप घालील. हात खरोखर चांगला. पण बसणं माहीत नाही. किल्ली बोटात फिरवायची, पाय हलवायचा, उठायचं, रस्त्याकडं बघायचं, परत यायचं.

“गेल्या उन्हाळ्यात आम्ही पडलो गाडीवरून,” तो म्हणाला. “खडी होती रस्त्यावर. गाडी घसरली. तिचा पाय मोडला.”

“बसला का पाय?”

“पाय बसला. पोरगी बसत नाही. गाडीवर.”

“हं.”

“वस्तीपासून शाळा लांब. वस्तीवर एस्टी येत नाही. आता रविवारी तिचा मामा येतोय न्यायला. त्याच्या दारातच शाळा. मोठी होईपर्यंत ठेवून घेतो म्हणतो. एकदा पोर आजोळी रमली की ती माझी राहिली का, बाबा?”

बाबा आधणाकडं बघत राहिले.

“तीच म्हणाली होती, पप्पा, मला गाडी काढून द्या, मी रंगवते. रंगवून झाली की बसेन.”

“असं म्हणाली?”

“शब्दाला शब्द. मग मी काढून दिली. दिली म्हणजे किती दिल्या! ती घेते. बघते. खालच्या बाजूला बघते. परत देते. म्हणते, ही नाही. का नाही म्हटलं तर गप्प.”

“हं.”

“नुसतं हं काय करताय बाबा! लोक सांगतात, तुमच्याकडचं चित्र रडतं पोरसुद्धा रंगवतं. एक काढून द्या. मी निघतो.”

ते खरं होतं. गुरुवारी तक्यावर पोरं यायची. बाबा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशानं चित्र काढून द्यायचे. हत्ती, कोंबडा, ट्रॅक्टर. नुसत्या रेघा. रंगाला स्वतः कधी हात लावला नाही त्यांनी.

“तिनं माझ्याकडं मागितलीय का गाडी?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“मग मी कशी देऊ?”

“मग शिकवा मला.”

“बस.”

“बसतो. पण जरा लवकर…”

“तात्या,” बाबा मला म्हणाले, “ह्याला कोळसा दे. आणि ती किल्ली तेवढी ओट्यावर ठेवून घे. घुंगरू बांधल्यासारखं वाजतंय.”

किल्ली त्यानं दिली नाही. खिशात घातली. तिथंही ती वाजत राहिली.

पहिलं चित्र त्यानं बघता बघता काढलं. मी असं कधी बघितलं नव्हतं. टाकीवर उजेड पडलेला, सायलेन्सर चकाकणारा, टायरखाली सावली. कोळशानं! कोळशातून चकाकी काढली त्यानं.

“वा,” बाबा म्हणाले.

मकरंद पहिल्यांदा हसला.

पोरांनी विसरलेला तांबड्या मेणाचा एक खडू ओट्याच्या फटीत होता. बाबांनी तो काढला आणि कागदावर धरला. भरल्या एस्टीत माणूस जागा शोधत पुढं सरकतो, तसा तो खडू टाकीवरून सीटवर, सीटवरून चाकावर फिरला. कुठंच टेकला नाही.

“जागा नाही,” बाबा म्हणाले. “बायकोला दे. भिंतीवर लावील.”

“म्हणजे नुसत्या रेघा पाहिजेत. तसं सांगा ना आधी.”

दुसऱ्या चित्रात नुसत्या रेघा होत्या. पण काय रेघा! चाकातली तारन्‌तार, इंजिनची घडीन्‌घडी, साखळीचा दात अन्‌ दात.

बाबांनी खडू त्याच्या नाकासमोर धरला.

“ह्याचं टोक बघ. माझ्या अंगठ्याएवढं आहे. हे त्या दोन तारांच्या मधे शिरेल का?”

“पण चाकाला तारा असतात, बाबा!”

“असतात की.”

“मग सोडून कशा द्यायच्या? गाडी खोटी नाही का होणार?”

“कुणाची?”

“म्हणजे?”

“गाडी कुणाची आहे? तुझी का तिची?”

मकरंद उठला. गाडीपर्यंत गेला. सीटवरची धूळ झटकली. धूळ नव्हतीच. परत आला.

“तिची,” तो म्हणाला. “काढतो.”

तिसऱ्यात तारा नव्हत्या, दात नव्हते. दोन चाकं, टाकी, सीट, हँडल. पण त्याच्या हाताला एक सवय होती. प्रत्येक रेघेच्या शेवटी हात झटकायचा आणि रेघेला शेपूट फुटायचं. चाकाचा गोल सुरू व्हायचा आणि मिळायच्या आधीच उडून जायचा.

बाबांनी एका चाकाच्या तोंडावर बोट ठेवलं.

“इथनं कोंबडी गेली.”

“कसली कोंबडी?”

“खुराडं केलंस आणि दार उघडं ठेवलंस. पोरगी रंग भरणार आत आणि तो चालला बाहेर.”

“बाबा, ह्या झटक्यासाठी लोक लांबनं येतात माझ्याकडं! बाकीच्या पेंटरांना जमत नाही तो.”

“नसेल जमत. पण तुझी एक रेघ घरी येत नाही. नुसत्या पळतात.”

“मग पळणारच! मोटारसायकल आहे ती, कपाट नाही!”

बाबांना हसू आलं. मलाही आलं, पण मी रांजणात तोंड घातलं.

त्यानं कोळसा फेकला. बोटं पँटीला पुसली, पँट काळी झाली. गाडीवर जाऊन बसला. मला वाटलं, गेला. पण गाडी चालू केली नाही त्यानं. बसून राहिला. घाटातून एक ट्रक उतरला, लांबपर्यंत त्याचा आवाज येत राहिला…

“पेंटर,” बाबांनी हाक मारली, “चहा झालाय.”

आला. कप हातात घेतला आणि तसाच तोंडाला लावला. जीभ भाजली.

“बघ,” बाबा म्हणाले. “चहासुद्धा थांब म्हणतोय.”

“तुम्हाला गंमत वाटते. रविवार आलाय माझा जवळ.”

ह्यावर बाबा हसले नाहीत. त्यांनी आपला कप सावकाश संपवला आणि उपडा ठेवला. मग ओट्यावर उताणे झाले, अंगातली कफनी वर ओढली आणि उघड्या पोटावर थाप मारली.

“ये. इथं काढ.”

“…काय?”

“गाडी.”

“थट्टा करताय?”

“तात्या, सांग ह्याला.”

मी सांगितलं. आमच्या गावात मोहरमात नवसाचे वाघ होतात. नवस बोललेला माणूस अंगभर वाघ रंगवून घेतो आणि ताशावर नाचतो. सगळ्या गावाच्या वाघांचे पट्टे दस्तगीरबाबा आखायचे. फक्त आखायचे. आत पिवळा आणि काळा रंग भरायचा तो त्या माणसाच्या घरच्यांनी. आईनं, बहिणीनं, पोरानं. ज्याच्या घरचा नवस, त्याच्या घरचा हात. नवस करणारा कितीही मोठा असो, बाबांनी रंगाची वाटी कधी उचलली नाही.

“कागद मेलेला असतो,” बाबा पडल्या पडल्या म्हणाले. “काढ जित्यावर.”

मकरंदनं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. मी तरी काय सांगणार?

तो गुडघ्यावर बसला. कोळसा टेकवला आणि नेहमीच्या झपाट्यानं गोल ओढला. तेवढ्यात बाबांनी श्वास घेतला. पोट वर आलं आणि चाकाचं वांगं झालं.

ओलं फडकं घेऊन मी ते पुसलं.

दुसऱ्यांदा बाबांना गुदगुल्या झाल्या. पोट गदागदा हललं. चाकाला कोपरे आले.

“हलू नका ना, बाबा!”

“मी कुठं हलतोय? पोट हलतंय.”

“मग श्वास धरा जरा!”

“म्हणजे मी मेल्यावर काढणार आहेस होय?”

मला हसू आवरेना. मकरंदलाही येत होतं, पण तो दाबत होता. पुन्हा पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा वांगं. त्याच्या कपाळावर घाम आला. मधेच तो वैतागून म्हणाला, “ही किल्ली टोचतेय,” आणि खिशातून काढून त्यानं ओट्यावर ठेवली. माझ्याकडं न बघता.

मग तो थांबला.

कोळसा हातात, हात हवेत, नजर पोटावर.

पोट वर यायचं. खाली जायचं. खाली गेल्यावर परत वर यायच्या आधी जरासं टेकायचं. भात्याचं असतं ना, तसं. तो त्या टेकण्याची वाट बघायला लागला. पोट टेकलं की थोडी रेघ. मग थांबायचं. पुन्हा टेकलं की थोडी रेघ. झटका द्यायला जागाच नव्हती. चाक निघालं तिथंच सावकाश येऊन मिळालं.

रांजणावर एक साळुंकी येऊन पाणी पिऊन गेली, तिला कुणी हाकललं नाही.

दुसरं चाक. मधे बाबांची बेंबी बरोबर इंजिनच्या जागी आली, ती त्यानं तशीच ठेवली. मग टाकी. तिच्यावर गरुड नाही, काही नाही. सीट. ती त्यानं लांब काढली, मागं एक माणूस बसेल एवढी. हँडल. दिवा.

“झाली,” तो हळू म्हणाला. आवाजसुद्धा बदलला होता त्याचा.

बाबा कोपरावर रेलून मान वाकवून आपल्याच पोटाकडं बघायला लागले. त्यांना ती उलटी दिसत असणार.

“तात्या, कशी दिसते?”

“झ्याक दिसते.”

“हं… पण मला एक कळत नाही. ही उभी कशी राहिली?”

“म्हणजे?” मकरंद म्हणाला.

“चालू तर नाही. वर कुणी बसलेलं नाही. भिंतीला टेकवलेली नाही. मग पडत का नाही ही?”

मकरंदचा चेहरा उतरला. अगदी मी बघत असताना उतरला.

“आधीच्या तिन्हींतही नव्हतं,” बाबा म्हणाले. “मी म्हटलं, विसरला असेल. तारन्‌तार काढलीस. साखळीचे दात काढलेस. घरी काढलेल्यांत होतं?”

“नाही.”

“विसरलास?”

बाबांचं पोट वर जात होतं, खाली येत होतं, त्याच्याबरोबर गाडीही.

“खडी नव्हती रस्त्यावर, बाबा.”

बाबांनी पोटावरची नजर उचलली.

“स्टँड खाली राहिलं होतं. घाईत होतो. मारली किक, निघालो. रस्त्याच्या कडेचे लोक हात करत होते. ओरडत होते. मला वाटलं, टाकीवरचा गरुड बघून करतायत. नवाच काढला होता… मीही हात केला त्यांना.”

मी फडकं पिळत होतो, ते तसंच हातात राहिलं. आमच्याकडं कुणाच्या गाडीचं स्टँड खाली दिसलं की शेंबडं पोरसुद्धा ओरडतं, ओळख असो नसो. हा त्यांना हात करत गेला होता.

“पोरगी मागनं पाठीवर थापा मारत होती. पप्पा, स्टँड. पप्पा, स्टँड. मी म्हटलं, गप बस, नीट धर. कालव्याच्या वळणावर डावीकडं वळलो आणि स्टँड जमिनीला लागलं.”

“मग?”

“घरी सगळ्यांना खडी सांगितली. तिच्यासमोर सांगितली. ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.”

घाटाकडून वारा आला. चिंचेचा पाला झडला, थोडा बाबांच्या पोटावर पडला. त्यांनी तो झटकला नाही.

“काढ,” बाबा म्हणाले.

एवढीशी तर रेघ. तिरकी, सीटच्या खालून जमिनीपर्यंत. पण तिला सगळ्या गाडीपेक्षा जास्त वेळ लागला. किती श्वास गेले मधे. एकदा तर त्यानं कोळसा उचलून बाजूला ठेवला आणि तोंड फिरवून बसला. मी रांजण भरायला उठलो. रांजण भरलेलाच होता.

परत आलो तेव्हा रेघ होती.

बाबा सावकाश उठून बसले. बसल्यावर पोटाला वळी पडली आणि गाडी मिटली.

“आता कागदावर काढ,” ते म्हणाले. “पोट काय तुला देता येणार नाही.”

कॅलेंडरच्या पाठीवर त्यानं तीच काढली. मोठी, मोकळी, मिळत्या रेघांची. खाली स्टँड. कागदाची सुरळी केली, सदऱ्यात घातली, बाबांच्या पाया पडायला वाकला. बाबांनी पाय मागं घेतले आणि तो तांबडा खडू त्याच्या हातात ठेवला.

तो गाडीवर बसला. किल्ली लावली. किक मारली. गाडी सुरू झाली आणि स्टँड खालीच! मी ओरडायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

गाडी धडधडत होती. तो बसून होता…

मग त्यानं खाली बघितलं. टाचेनं स्टँड मागं सारलं, परत एकदा वाकून बघितलं आणि गेला.

त्यानंतर रविवार गेला. मला राहवेना. बाबांना म्हटलं, काय झालं असेल हो त्याचं? बाबा म्हणाले, ऊद आणलास का?

पुढच्या गुरुवारी ऊन कलायला लागलं तेव्हा तो आला. चालत आला. गाडी ढकलत, घामानं निथळत. शेजारून एक पोरगी चालत होती. दोन वेण्या, पायात जरासा लंगडेपणा, एक हात गाडीच्या सीटवर. गाय घेऊन यावं तशी ती दोघं गाडी घेऊन आली.

“बंद पडली काय?” मी विचारलं.

“नाही. चालूच केली नाही.”

पोरगी थेट ओट्यापाशी आली. बाबांच्या पोटाकडं बघायला लागली.

“तुमच्या पोटावर काढली होती ना?”

“काढली होती.”

“दाखवा.”

“धुतली.”

“धुतली कशाला? मी एवढ्या लांबनं आले.”

“चुकलंच माझं,” बाबा म्हणाले.

तिनं फ्रॉकच्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांना दिला आणि परत गाडीकडं गेली. बापाला म्हणाली, “सरका.” मग पायानं स्टँड खाली केलं. हँडल धरून गाडी हलवून बघितली. वाकून बघितलं. पुन्हा हलवून बघितलं.

बाबांनी कागद उलगडला. मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं.

चाकं कोरी होती. टाकी कोरी. सीट, हँडल, दिवा, सगळं कोरं. फक्त स्टँड तेवढं रंगवलं होतं. तांबडं. इतकं दाबून की मेणाचा थर बोटाला लागत होता.

मकरंद ओट्याच्या कडेला टेकला. टेकला आणि उठला.

“रविवारी मामा आला होता, बाबा. ही म्हणाली, माझं चित्र व्हायचंय अजून. तो म्हणाला, बरं, पुढच्या रविवारी येतो. म्हणजे हा येणारा.”

“हं.”

“घरात सगळ्यांना खरं सांगितलं मी. तिच्यासमोर. त्याच दिवशी तिनं खडू घेतला. मला वाटलं, सुटलो. तर एवढंच रंगवलं आणि ठेवून दिलं! मी म्हणतो, टाकी घे, चाक घे. ती म्हणते, सुकू दे आधी. मेणाचा खडू सुकतो का कधी? रविवार तोंडावर आला, बाबा. मी काय करू आता?”

बाबांनी कागदाची घडी घातली, होती तशी. चिंचेखाली पोरगी गाडीवर चढत होती. जड जात होतं, पण तिनं कुणाला हाक मारली नाही. चढली. मागच्या सीटवर बसली, पाय लोंबते ठेवून, पुढची सीट रिकामी सोडून.

गाडी स्टँडवर उभी होती. हलली नाही.

मकरंद खिशातली किल्ली काढून तिकडं धावायला निघाला. बाबांनी घडी केलेला कागद त्याच्या हातात ठेवला आणि हात तसाच धरून ठेवला.

“जेवढी रंगली, तेवढीच चालव.”